साक्षीची वाटी

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. रविवार होता, पावसाने उघडीप दिली होती, आणि पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी शाळेच्या वह्या तपासत बसलो होतो. आमच्याच गल्लीतला, एके काळी माझ्याकडे तिसरी-चौथीत असलेला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. मुलगा म्हणायचे ते सवयीने. आता त्याला मिशा आहेत, आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. त्याने खिशातून प्लॅस्टिकची एक लहानशी वाटी काढली आणि वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. वाटीत काळाभोर, चकचकीत असा काही पदार्थ थिजलेला होता.

“सर, नख लावून बघा.”

मी नख लावले. ओरखडासुद्धा उठला नाही.

“आता सांगा, हे पक्कं झालंय का?”

दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. मला तसे करता येईना. कारण त्या वाटीची आणि माझी ओळख जुनी होती, आणि ती फारशी अभिमानाची नव्हती.

वाचकांपैकी पुष्कळांनी असली वाटी पाहिली नसेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. विजेवर चालणाऱ्या यंत्रांच्या पोटात जे नाजूक बोर्ड आणि गुंडाळ्या असतात त्यांना पाणी, धूळ आणि हादरे ह्यांपासून जपावे लागते. कधी त्यांच्यावर वार्निशासारखा पातळ लेप देतात. त्याला कारखान्यात कोटिंग म्हणतात. कधी ती सबंध डबीच पातळ रेझिन ओतून काठोकाठ भरून टाकतात; त्याला म्हणतात पॉटिंग. रेझिन एका डब्यात, हार्डनर दुसऱ्या डब्यात. दोन्ही ठरलेल्या वजनाने मिसळायची, हवेचे बुडबुडे काढून टाकायचे, ओतायचे आणि ठरलेला वेळ ठरलेल्या उष्णतेला ठेवायचे. मग त्या काकवीसारख्या रसाचा दगड होतो. एकदा तो ओतला की आतली गुंडाळी आणि आतला रस, दोन्ही कायमची दृष्टीआड होतात. आत काय झाले हे पाहायचे तर डबी फोडायला हवी, आणि फोडलेली डबी विकता येत नाही.

अडचण येते ती येथे. वाळणे आणि पक्के होणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. ओला सदरा वाळतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते, एवढेच. रेझिनचे तसे नाही. त्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि आतल्या आत जाळे विणतात. हे विणकाम अर्धेमुर्धे झाले तरी बोटाला ते कोरडेच लागते. हवेतल्या ओलाव्यावर पक्के होणारे सिलिकोन असते, त्यावर दुधासारखी साय काही मिनिटांत धरते. पण खाली पक्केपणा उतरतो तो दिवसाला दोनतीन मिलिमीटर. अतिनील प्रकाशाखाली पक्का होणारा लेप उजेड पडेल तेथे क्षणात पक्का होतो, आणि बोर्डावरच्या एखाद्या भागाच्या पोटाखाली, जेथे सावली असते तेथे, ओलाच राहतो. ह्या लेपात एक चमकणारे द्रव्य घातलेले असते; खास दिव्याखाली धरला की सारा बोर्ड निळाशार उजळतो. नवखा मनुष्य ते पाहून खूष होतो. परंतु त्या उजळण्यावरून लेप सगळीकडे लागला एवढेच कळते, तो पिकला की नाही हे कळत नाही. सिलिकोनचा आणखी एक प्रकार तर इतका मानी आहे की कामगाराने घातलेल्या रबरी हातमोज्यातल्या गंधकाचा स्पर्श झाला तरी तो पक्के व्हायचे नाकारतो. आणि मिसळताना भांड्याच्या कडेला राहिलेला, नीट न ढवळलेला रस जर कोणी खरवडून ओतला, तर तो भाग जन्मभर चिकट राहतो.

ह्यासाठी मग परीक्षा असतात. सगळ्यांत साधी म्हणजे काट्याची. स्प्रिंगच्या जोराने एक बोथट सुई पृष्ठभागावर दाबायची; ती जितकी कमी रुतेल तितका तबकडीवरचा आकडा मोठा. शून्यापासून शंभरापर्यंत मोजणी. दुसरी परीक्षा कापसाच्या बोळ्याची. द्रावणात भिजवलेला बोळा लेपावर ठरावीक वेळा पुढेमागे घासायचा आणि बोळ्याला रंग लागला का, लेप मऊ पडला का ते पाहायचे. प्रयोगशाळेतली परीक्षा मला सर्वांत आवडली. पक्क्या झालेल्या मालाचा मोहरीएवढा कण घेऊन तो हळूहळू तापवतात. त्यातून स्वतःची अशी ऊब बाहेर पडली, तर समजायचे की आतले विणकाम अर्धे राहिले होते आणि आता उष्णता मिळताच पुन्हा सुरू झाले. थंडीत ठेवलेल्या रेझिनचे असे होते. रेणूंची हालचालच गोठते, पदार्थ काचेसारखा कडक होतो, काटाही बरा आकडा दाखवतो. आणि तरी तो अपुरा असतो.

सगळ्या डब्यांची परीक्षा करणे शक्य नसते. म्हणून ज्या घाण्यातून त्या भरल्या त्याच घाण्यातले थोडे रेझिन एका वाटीत ओततात, ती वाटी डब्यांबरोबरच भट्टीत ठेवतात, आणि मग काटा लावायचा तो वाटीला. कारखान्यात तिला नुसते ‘सँपल’ म्हणतात. मी मनातल्या मनात तिला साक्षीची वाटी म्हणत असे. शेकडो बंद डब्यांच्या वतीने ती एकटी बोलते.

मुलाने जी हकीकत सांगितली ती अशी. त्यांच्याकडे शेतातल्या सौरपंपाला लागणारे कंट्रोलर तयार होतात. शुक्रवारी रात्री माल नेणारी गाडी फाटकात उभी होती आणि शेवटच्या घाण्याचा वेळ पुरा व्हायला पाच तास होते. साहेबांनी सांगितले, आकडे भरून टाक. त्याने भरले. माल गेला. मनाला चैन पडेना म्हणून शनिवारी त्याने वाटी हुडकून काढली, काटा लावला. आकडा हवा त्याहून दोन जास्तच भरला.

“म्हणजे माल चांगलाच गेला, सर. मग मी खोटं लिहिलं का?”

तोपर्यंत आत शंकरपाळ्या तळल्याचा वास नव्हता, ना दिवाळीची गडबड. तरी मला एकदम २००१ सालचा जानेवारी आठवला आणि हात गार पडल्यासारखे झाले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत शिकवू लागण्यापूर्वी मी चिकलठाण्याच्या वसाहतीत एका लहान कारखान्यात होतो. तो आता नाही. त्या जागी गोदाम आहे. दुचाकीच्या इग्निशनच्या डब्या आम्ही भरत असू. रात्रपाळी, कडाक्याची थंडी, भट्टीचा एक हीटर गेलेला. आमचे सुपरवायझर वयाने मोठे, आम्ही त्यांना काका म्हणत असू. सकाळी सहाच्या सुमारास त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, “घट्ट आहे रे, मी हात लावून बघितलंय. ब्याऐंशीच्या आसपास लिही.” काटा कपाटात होता, कपाटाची किल्ली काकांच्या खिशात होती, आणि मी ती मागितली नाही. चाळीस रकाने होते. सगळीकडे ब्याऐंशी लिहिले तर दिसायला वाईट दिसेल, म्हणून मी ८१, ८३, ८२, ८२, ८०, ८३ असे लिहीत गेलो. मध्येच एक ७९ घातला. कारण खऱ्या जगात एखादा आकडा थोडा कमी भरतोच. वाचकांना हसू येईल, पण माझ्या कल्पित लेखनाची सुरुवात त्या रजिस्टरात झाली. पुढे लोकांनी माझ्या कादंबऱ्यांतल्या बारकाव्यांची तारीफ केली तेव्हा तो ७९ मला हटकून आठवला आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लवकर गेलो आणि शिल्लक डब्यांना चोरून काटा लावून पाहिला. ८२. ८१. ८३. कोणाची तक्रार आली नाही, कोणाची गाडी पावसात बंद पडल्याचे ऐकू आले नाही. मी लिहिलेला ८२ आणि काट्याने दाखवलेला ८२ शेजारी शेजारी ठेवले तर ते ओळखू येणार नाहीत. मग मला टोचते ते काय?

हा प्रश्न मी पूर्वी एकदा माझ्या पत्नीला विचारला होता. ती व्यवहारी बाई आहे. “कोणाचं नुकसान झालं?” तिने विचारले. नाही. “तुला चार पैसे जास्त मिळाले?” तेही नाही. “मग आता कशाला उगाळत बसतोस?” त्या वेळी ती बेसनाच्या नव्हे, रव्याच्या लाडवांचा पाक करीत होती. बोलता बोलता तिने उलथन्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून बोटे अलगद दूर केली. तार आली, तुटली. तिने पातेले आणखी जरा ठेवले, पुन्हा थेंब घेतला. वीस वर्षे तीच शेगडी, तेच पातेले, तेच माप. घड्याळ लावून तिने पाक उतरवला असता तरी तो शंभरातून नव्वद वेळा नेमका आला असता. मी म्हटले, “तू तरी दर वेळी बोट का भाजून घेतेस?” ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “लाडू माझ्या नावावर जातात.”

मला वाटते, ह्या प्रश्नाचा सगळा गुंता तिच्या त्या वाक्यात सुटायला लागतो. रजिस्टरातल्या रकान्यात ८२ लिहून खाली सही केली, ती कशाबद्दल? वरवर पाहता डबीबद्दल: ही डबी पक्की आहे. पण तेवढ्यासाठी माणसाच्या सहीची गरजच नव्हती. डबी पक्की असेल तर ती सहीवाचूनही पक्कीच आहे. सही जे जास्तीचे सांगते ते सहीवाल्याबद्दल: मी येथे होतो, मी सुई दाबली, मी तबकडी वाचली. हे विधान माझ्याविषयीचे आहे आणि ते खोटे होते. दुसऱ्या दिवशी डबी चांगली निघाली तेव्हा तिने आपली लाज राखली, माझी राखली नाही. एखाद्याने न्यायालयात जाऊन शपथेवर सांगावे की अमक्याने चोरी करताना मी पाहिले, आणि वस्तुतः त्याने काही पाहिलेले नसावे. पुढे चोरी त्यानेच केल्याचे सिद्ध झाले, तरी साक्षीदार खरा ठरत नाही. चोर चोर ठरतो, इतकेच.

याउलट उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याची चित्रे खराब होत चालली तेव्हा हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून दोन जाणकार बोलावले, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. १९२० ते १९२२ ह्या काळात त्यांनी तेथे काम केले. भिंतीवरून सुटू पाहणारे थर त्यांनी पुन्हा बसवले, आणि चित्रांचे रक्षण व्हावे म्हणून त्यांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, लेप दिला. लेप नीट बसला, वाळला, चित्रे त्याखाली ताज्यासारखी उजळली. आणि मग वर्षे जात राहिली तसा तो पिवळा पडला, काळवंडला, तडकला. ज्याने जपायचे त्यानेच झाकले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना तो लेप उतरवण्यात कित्येक वर्षे घालवावी लागली. मी मुलांची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा त्या अंधारात उभा राहून मला वाटले, ही माणसे चुकली. त्यांच्या चुकीने जगाचे नुकसान झाले, आणि माझ्या त्या रात्रीने कोणाचेच झाले नाही. तरी त्यांच्याविषयी माझ्या मनात दोषाचा शब्द उमटत नाही. त्यांनी आपल्या काळच्या ज्ञानाने जेवढे पाहता येत होते तेवढे पाहिले होते. पाहून चुकणाऱ्याला क्षमा आहे; त्याच्या चुकीतून पुढचा मनुष्य शिकतो, कारण काय केले आणि काय दिसले ह्याची नोंद खरी असते. न पाहता बरोबर निघालेल्यापासून कोणाला काय शिकता येणार? माझे चाळीस आकडे वाचून उद्या एखाद्याने निष्कर्ष काढला असता की एक हीटर बंद असला तरी चालते.

येथे गोरोबाकाकांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेर आमच्या मराठवाड्यातलेच. संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरा कुंभार थापटणे घेऊन उठला आणि एकेकाच्या डोक्यावर मारून कोणते मडके कच्चे ते पाहू लागला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेव रागावले, आणि कच्चे ठरले. मग ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. कीर्तनकार येथे नामदेवांच्या अहंकारावर बोलतात आणि ते ठीकच आहे. मला मात्र अलीकडे त्या गोष्टीत गोरोबाच अधिक दिसू लागला आहे. समोर बसलेले सगळे एकापेक्षा एक थोर. ह्यांना काय तपासायचे, असे म्हणून दोघातिघांना वगळले असते तर कोणी बोल लावला नसता, आणि निकालही तोच लागला असता. पण गोष्टीत तरी त्याने कोणाला वगळल्याचे नाही. थापटणे ज्याच्या डोक्यावर पडले नाही त्याच्याविषयी कुंभार बोलत नाही. आणि ‘पॉट’ म्हणजे मडकेच. आमचा धंदा त्याच कुळातला.

आता ह्यावर एक आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. सगळेच पाहणे कोणाला शक्य आहे? साक्षीच्या वाटीवर तरी विश्वास का ठेवायचा? आमच्या शेजाऱ्यांनी घरावर स्लॅब टाकला तेव्हाचे सांगतो. चांगल्या कामात काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे घन पाडून ठेवतात आणि २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. त्यांच्या ताकदीवरून स्लॅबची ताकद धरतात. हे घन प्रयोगशाळेच्या हौदात, ठरलेल्या उबेच्या पाण्यात, अठ्ठावीस दिवस सुखाने डुंबत असतात. स्लॅब मात्र पुंडलिकनगरच्या उन्हात पडलेला, आणि त्या दिवसांत आमच्या नळाला पाणी कित्येक दिवसांआड येत असे. शेजारीण स्वयंपाकाचे पाणी वाचवून स्लॅबवरच्या गोणपाटावर शिंपडी. हौदातल्या घनाने त्या स्लॅबची साक्ष कशी द्यावी? वाटीचेही तसेच. मोठ्या डबीत रेझिनचा गोळा मोठा, त्याची स्वतःची उष्णता जास्त, तो लवकर पिकतो. वाटीतला थर पातळ, तो मागे राहतो. कधी नेमके उलटे: भट्टीच्या दारापाशी ठेवलेली डबी कच्ची आणि मध्यभागी ठेवलेली वाटी पक्की.

आणि परीक्षा मनापासून केली तरी ती योग्य प्रश्नाची असेल असे नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरी १० जुलै २००६ रोजी एका भुयारी रस्त्याच्या छताच्या काँक्रीटच्या अवजड लाद्या खाली आल्या आणि एका मोटारीतली बाई मेली. छत टांगणारे बोल्ट वरच्या काँक्रीटमध्ये एपॉक्सीने बसवलेले होते. बसवताना ते ओढून पाहिले होते. पण ओढले ते थोडा वेळ. आणि वापरलेले लवकर घट्ट होणारे एपॉक्सी असे होते की सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे कणाकणाने सरकत जाई. १९९९ सालीच काही बोल्ट खाली सरकलेले दिसले होते. ते बदलले, आणि पुढे कोणी नेमाने वर पाहत राहिले नाही. तेथे रस कच्चा नव्हता, घट्ट झालेलाच होता. ‘पक्के’ ह्या शब्दाचे त्या क्षणी धरले का आणि धरून राहील का असे दोन अर्थ आहेत, आणि परीक्षा पहिल्याचीच झाली होती.

तेव्हा कोणतीच साक्ष संपूर्ण नसते, हे मी कबूल करतो. पण म्हणून न पाहता लिहायला मोकळीक मिळते असे मला वाटत नाही. उलट ती आणखी आवळली जाते. शेतकरी पंपाच्या कंपनीवर विसंबतो, कंपनी कारखान्यावर, कारखाना रजिस्टरावर, आणि रजिस्टर त्या पोराच्या हातावर. ह्या उतरंडीतल्या वरच्या कोणालाच काही दिसत नाही. सगळे एकमेकांच्या भरवशावर उभे आहेत. अगदी तळाच्या मडक्याला तेवढे जमिनीवर टेकायचे असते. तेथे कोणी सुई दाबली असेल तर ती सारी उतरंड, कमीजास्त का होईना, खऱ्यावर उभी आहे. ती दाबलीच नसेल तर वरचे सगळे प्रामाणिक लोकही नकळत अधांतरी असतात.

इतके मी त्या मुलाला सांगितले. तो चहा पीत ऐकत होता. माझे बोलणे संपल्यावर त्याने जे उत्तर दिले त्याला मी तयार नव्हतो.

“सर, उतरंडीत सगळ्यांत खाली मीच. आणि सगळ्यांत कमी पगारही मलाच.”

ह्यात खोटे काय आहे? ज्याला दर वर्षी कंत्राट संपल्याचे कागद देऊन पुन्हा नव्याने घेतात, ज्याच्या जागी दुसरा मुलगा सोमवारी उभा राहू शकतो, त्याच्या नखावर साऱ्या मजल्यांचा भार ठेवायचा आणि वर त्याला सत्याचे महत्त्व सांगायचे, हे सांगणाऱ्याला शोभत नाही. गाडी कोणी बोलावली? पाच तास आधी कोणी बोलावली? त्या माणसाची सही रजिस्टरात कोठेच नसते. मी स्वतः वयाच्या विसाव्या वर्षी किल्ली मागितली नव्हती. आज खुर्चीवर बसून मी त्याला किल्ली माग म्हणून सांगणे सोपे होते.

म्हणून मी मधला मार्ग काढला. म्हटले, “खोटा आकडा लिहू नकोस, भांडणही करू नकोस. रकाना रिकामा सोड. न मोजलेल्याचा रकाना रिकामा असणे हेही खरेच लिहिणे आहे.”

तो हसला. हसण्यात उद्धटपणा नव्हता, थोडी कीव असावी. “सर, आता रजिस्टर नाही. कॉम्प्युटर आहे. रकाना रिकामा ठेवला तर तो पुढच्या पानावर जाऊच देत नाही. आणि पंच्याहत्तरच्या खालचा आकडा टाकला तर लाल होतो.”

मी गप्प बसलो. माझ्या वेळी निदान कोरी जागा सोडण्याची सोय होती; मी ती वापरली नाही, ही गोष्ट निराळी. न पाहिलेल्याला ‘पाहिले नाही’ म्हणण्याची जागाच ज्याने ठेवली नाही त्या यंत्राची रचना करणारा मनुष्यही बहुधा कोठेतरी सही करून गेला असेल. शेवटी मी एवढेच विचारले, की शेरा लिहायला काही जागा असते का. तो आठवू लागला. “असते,” तो म्हणाला, “खाली एक खिडकी आहे. तिथं कोणी काही लिहीत नाही.” मग त्याने कप मोरीत नेऊन विसळला, पत्नीने नको नको म्हटले तरी, आणि निघाला. वाटी विसरला की मुद्दाम ठेवून गेला, कळले नाही.

ती वाटी वह्यांच्या गठ्ठ्यावरच राहिली, आणि तिच्याखालची वही तिसरीतल्या एका मुलाची होती. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी ‘वाचन: उत्तम’ असे लिहिले आहे. पाठ्यपुस्तकातला कोणताही धडा काढा. ओळीखाली बोट सरकवत हा मुलगा न अडखळता, विरामचिन्हे सांभाळून वाचतो. साऱ्या वर्गाला मी त्याचे वाचन ऐकवीत असे. आषाढात एकदा त्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली होती. बोट नव्या पानावर होते, आणि तोंडातून येत होते ते मधल्या, न उघडलेल्या पानावरचे. घरी त्याची मोठी बहीण मोठ्याने अभ्यास करते. ऐकून ऐकून त्याचे सबंध पुस्तक पाठ झाले आहे. ते मला त्या दिवशीच कळले होते. मी पान नीट उलटून दिले आणि पुढे चला म्हटले. अहवाल पाठवायचे दिवस होते, वर्गात पन्नास मुले होती, आणि तो बोलत होता तो शब्द न् शब्द बरोबर होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बसवले. घरून एक जुने मासिक नेले होते. त्यातले कावळ्याच्या घरट्यावरचे अर्धे पान त्याच्यापुढे ठेवले. त्याने बोट ठेवले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पानाकडे पाहिले. पहिली ओळ त्याने कशीबशी अंदाजाने काढली. दुसरीत दोन शब्द ओळखीचे निघाले. तिसऱ्या ओळीवर तो थांबला आणि थांबूनच राहिला. रडला नाही. “सर, हे पुस्तकातलं नाही,” एवढेच म्हणाला.

आता रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघे त्या मासिकातल्या चार ओळी वाचतो. प्रगतिपुस्तकातली नोंद मी खोडली आणि शेजारी नवी लिहिली. खाडाखोड लपवली नाही. दुरुस्तीवर मुख्याध्यापिका बाईंची सही लागते. कागद त्यांच्या टेबलावर आहे, आणि सही अजून व्हायची आहे.